हळदीची नाणी

४ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

ही डायरी टायरवाल्यानं जानेवारीत दिपेशला दिलेली. दहा महिने टीव्हीखाली पडून होती, आज मी ताब्यात घेतली. मागची पानं कोरी आहेत, राहू देत. खरं काम आजपासून सुरू.

माझ्या नाण्यांना स्थळ आलं. तेही खात्यापित्या घरचं.

नीट लिहितो. पाच डिसेंबरला पनवेलला माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. तीन ठिकाणी ब्लॉक. डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, म्हणजे थोडं असणार. वय एकाहत्तर. मरायला मी भीत नाही, पण माझ्यामागं नाण्यांचं काय, ह्या काळजीनं दोन महिने बिरडंसुद्धा गोड लागत नव्हतं. दोनशे चौदा नाणी आहेत. शिवराई, ढब्बू पैसे, राणीछाप रुपये, भोकाचे पैसे. अठ्ठावीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, अलिबाग डेपो, त्या नोकरीत जमवलेली. मुलगा दिपेश, ट्रेलरचा धंदा करतो. विचारलं तर म्हणाला, "बाबा, विकून टाका आणि घरात एसी बसवा." असल्याच्या हाती द्यायची होय?

तर किहीमच्या हेमांगी मॅडम आज आल्या होत्या. कॉलेजात इतिहास शिकवायच्या. तालुक्याच्या एका वाचनालयात नाण्यांची खोली उभी करतायत. काचेची कपाटं, आत दिवे. मी मृत्युपत्र करायचं, माझ्यामागं सगळा संग्रह तिकडे जाणार, एक नाणं फुटणार नाही. आणि दारावर पाटी : हिरामण नामदेव ठाकूर संग्रह. पाटी म्हटल्यावर मी दोन वेळा चहा टाकायला सांगितला.

अट एकच. प्रत्येक नाण्याची नोंद पाहिजे. कधी मिळालं, कुठं, कोणाकडून. मॅडम म्हणाल्या, "काका, एक नोंद खोटी निघाली की बाकीच्या सगळ्यांवर संशय येतो." मी म्हटलं, मॅडम, कंडक्टरच्या नोंदीत खोट निघत नसते.

बायकोला, सोनूबाईला, पाटीचं सांगितलं. खाडीची मासळी, निवट्या, साफ करत होती. "बरा झाला," म्हणाली आणि राख मागितली.

६ नोव्हेंबर

कामाला लागलो. नातीला, अमिषाला, लॅपटॉप घेऊन बसवलंय. मी नाणं उचलून सांगतो, ती लिहिते.

पहिली वीस भराभर झाली. भोकाचा पैसा, रेवसची गाडी, एक म्हातारी वांगी घेऊन चढलेली, तिनं तिकिटाला दिलेला. चांदीची पावली, मुरूडच्या गाडीत, आगरदांड्याला उतरणाऱ्या एका खलाशानं दिलेली. अमिषा म्हणाली, "आबा, तुम्हाला कसं आठवतं एवढं?" मी नुसता हसलो. आमचा नियम होता, पिशवीतलं जुनं नाणं घ्यायचं असेल तर आधी तेवढेच पैसे आपल्या खिशातले टाकायचे. कधी चुकलो नाही.

मग राणीछाप रुपयापाशी घोडं अडलं. काही केल्या आठवेना. तर आतून सोनूबाई, "ती वाघ्रनच्या लग्नातली. नवरीच्या आजीनं माज्या ताटात टाकली. पोरगी काली होती, पन नाकीडोली झ्याक."

अमिषानं माझ्याकडं पाहिलं.

इथं एक सांगायला पाहिजे. सोनूबाई धवलारीण आहे. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी येतो तो नंतर, आधी धवलारीण लागते. मांडव घालताना, हळद दळताना, नवऱ्याला तेल लावताना तिनं धवले गायचे, तेव्हा लग्नाला हात लागतो. एकोणिसाव्या वर्षापासून गाते. लोक तिच्या ताटात तांदूळ, नारळ आणि एखादं नाणं टाकतात. पूर्वी घरात जुनं काही असलं तर मानाचं म्हणून तेच टाकायचे.

मी अमिषाला म्हटलं, "प्रवाशाकडून मिळालं असं लिही." एक नाणं इकडं की तिकडं, काय फरक पडतो.

९ नोव्हेंबर, रविवार

फरक पडायला लागलाय. आज सोनूबाई अकरा वेळा मधे बोलली. भाकरी थापता थापता बोलते, मान वर करत नाही. "तो जाडा पैसा पेझारीचा, त्या घरात दोन म्हशी व्यायलेल्या." "ती शिवराई माज्या मावशीनं दिली, हाशिवऱ्याला." मी म्हटलं, तू तुझं बघ. "बगते," म्हणाली, आणि पुढच्या नाण्याला परत बोलली.

डायरी माझी आहे, कोणी वाचणार नाही, तर खरं लिहून टाकतो. लग्नावरून ती दमून यायची, ताट ओट्यावर ठेवून झोपायची. मी सकाळची पहिली गाडी काढायला उठायचो. ताटात जुनं नाणं दिसलं की उचलायचो आणि त्या जागी चालू नाणं ठेवायचो. रुपया उचलला तर रुपया. पैसा उचलला तर पैसा. एका दमडीची अफरातफर नाही. पिशवीला जो नियम तोच ताटाला.

पण हे काचेखाली कसं लिहायचं? "बायकोच्या ताटातून उचलले." लोक पाटी वाचतील, मग हे वाचतील आणि दात काढतील. सगळ्यांना "प्रवाशाकडून" लिहायला लावलं. अमिषा बोटं जरा जोरात आपटत होती.

संध्याकाळी तिनं आजीला यादी मोठ्यानं वाचून दाखवली. कोणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. सोनूबाई मन लावून ऐकत होती. मधे एकदाच म्हणाली, "परवाशाकडून?"

"हो आजी."

"बरा."

मला हायसं वाटलं. तिला काही वाटलं नाही.

१३ नोव्हेंबर

तुळशीची लग्नं आटोपली तशी माणसं सुपारी घेऊन यायला लागली. आज तीन घरची आली, सगळ्यांना धवलारीण पाहिजे. एक जण थेट पेणहून. "आमच्याकडं कोणी राहिली नाही," म्हणाला. सोनूबाईनं दोघांना होकार दिला, तिसऱ्याला तारीख बदलून आण म्हणून सांगितलं. माणूस खरंच तारीख बदलायला गेला. तिचा रुबाब काही कमी नाही.

माझं काम जोरात आहे. मृत्युपत्राचा मसुदा स्वतः लिहिला, चारदा. पाटी पितळी घेऊ म्हणतो. किती खर्च येईल ते येवो.

एक शंका आहे. बऱ्याच नाण्यांच्या अक्षरांत पिवळं काहीतरी बसलंय. जुनं नाणं धुवायचं नसतं, चिंच-मीठ तर लावायचंच नसतं, हे मला पहिल्यापासून ठाऊक, म्हणून कधी पाण्याचा थेंब लागू दिला नाही. तांब्याचा गंज असेल. पण गंज हिरवा असतो ना. आणि चांदीलासुद्धा आहे. मॅडमना विचारीन. रविवारी येतायत, भिंग घेऊन.

१६ नोव्हेंबर

आज तोंडात मारल्यासारखं झालं.

मॅडम आल्या, ओटीवर बसल्या, भिंग काढलं. पहिलं नाणं पाहिलं, मान डोलावली. चौथं पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या. मग नखाच्या टोकानं अगदी हलकं खरवडून नाकाशी नेलं.

"काका, ही हळद आहे."

मी म्हटलं, शक्य नाही.

त्यांनी आणखी पाच पाहिली, मग पंधरा. "ही सगळी तुम्हाला बसमध्ये मिळाली? तिकिटाच्या नाण्यांना हळद कशी?"

मी आयुष्यात एवढ्या विनातिकीट लोकांना पकडलंय. त्यांचा चेहरा कसा होतो ते मला पाठ आहे. आज माझा तसा झाला असणार. मी म्हटलं, "हळदीचे व्यापारी असतील प्रवासी." बोलता बोलताच कळलं, काय बोललो.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. सोनूबाई दारात उभी होती, हातात चहाचा ट्रे. ट्रे ठेवला, म्हणाली, "चा थंड व्हईल," आणि गेली. तिनं मला पकडून दिलं नाही. मला राग आला तो मॅडमच्या भिंगाचा.

१८ नोव्हेंबर

काही लिहावंसं वाटत नाही. मसुदा फाडला.

२० नोव्हेंबर

सकाळी मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं. ताट, पहाट, रुपयाच्या जागी रुपया. सांगताना घाम फुटला, पण सांगून झाल्यावर असं हलकं वाटलं की बिनासाखरेचे दोन चहा प्यायलो. मॅडम पलीकडून काय म्हणाल्या असतील? रागावल्या असतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "काका, हे तर सोनं आहे. लग्नात धवलारणीला मिळालेली नाणी, गावासकट, घरासकट. अशी नोंद मी कुठं पाहिली नाही. परत करा यादी, काकूंना पुढं बसवा."

मी उड्या मारायच्या बेतात होतो, डॉक्टरांनी मनाई केलीय म्हणून नाही मारल्या.

मग स्वयंपाकघरात गेलो. मला माफी मागता येत नाही, कधी शिकलोच नाही. म्हटलं, "सोनू, मी चुकलो. नाणी तुझी होती, मी माझी म्हणून लिहिली."

ती म्हणाली, "मना ठाव होता."

"कधीपासून?"

"पयल्या रुपयापासून. राणीचा रुपया जाऊन त्या जागी नवा चकचकीत रुपया बसतो, तो काय मना दिसत नाय?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी तो नान्यांचा डबा उघडून बसायचा तवा तुमचा तोंड कसा पोरासारखा दिसायचा. म्हटला, घेऊ दे."

मी कोयती घेऊन नारळ सोलायला बसलो. सोलून चार झाले तेव्हा ती म्हणाली बास, एकच पायजे होता.

दुपारपासून नवी यादी. ती सांगते, अमिषा लिहिते, मी नुसतं नाणं पुढं करायचं, क्लीनरचं काम. एकही अडलं नाही. नाणं हातात घेते, अंगठा फिरवते, आणि गाव, घर, नवरीचं नाव, कोणाचं भांडण झालं, जेवायला काय होतं, सगळं. अमिषानं लॅपटॉपवर माझी नाणी निळी आणि आजीची पिवळी रंगवली. संध्याकाळी मला दाखवलं. वर थोडा निळा, बाकी पडदाभर हळद.

२३ नोव्हेंबर, रविवार

मॅडम सगळी यादी वाचून खूष आहेत. फक्त मृत्युपत्राचं अडलं. म्हणाल्या, "काका, जे आपलं नाही ते आपल्याला मृत्युपत्रात देता येत नाही. पिवळी नाणी काकूंनी द्यायची. आणि पाटी..." मी म्हटलं, पाटीवर सोनूबाईचं नाव घाला. मीच म्हटलं, त्यांच्या आधी. जरा टोचलं. मग नाही टोचलं. आता लिहिताना परत टोचतंय, पण ठीक आहे.

सोनूबाई उद्याच्या हळदीसाठी तांदूळ निवडत होती. समोर बसून समजावलं, दोघांनी दोन कागद करायचे, दोघंही गेल्यावर नाणी वाचनालयात. विचारलं, सही करशील ना?

"करन की. देऊन टाका. मना काय करायचीत ती?" मग सूप पाखडत म्हणाली, "एक इचारू? नान्यांना तुमी घर बगितला. माज्या धवल्यांना कोन बगनार?"

मी हसलो. म्हटलं, अगं, गाणी काय कपाटात ठेवायची वस्तू आहे?

तीसुद्धा हसली आणि सूप घेऊन आत गेली.

मी ओटीवर बसून राहिलो. हसायला नको होतं. तिला धवले सगुणा मावशीनं दिले. मावशी जाऊन बावीस वर्षं झाली. सोनूबाई कोणाला देणार? सुनेला येत नाहीत, अमिषाला दोन ओळी येतात त्याही रीलमधल्या. ते पेणहून आलेलं माणूस परवा मला सांगून गेलं होतं, आमच्याकडं कोणी राहिली नाही, आणि मी पाटीचा भाव काढत बसलो होतो. तीन आठवडे मी ह्या घरात ओरडतोय, माझ्यामागं काय, माझ्यामागं काय. ती पण सदुसष्ट वर्षांची आहे. तिला कोणी विचारलं नाही, मी तर नाहीच. लाज वाटली.

२५ नोव्हेंबर

लाज वाटून काय उपयोग, काम पाहिजे. दुकानातून तीन वह्या आणल्या, दोनशे पानी. म्हटलं, सांग, मी लिहितो. माझं अक्षर चालत्या गाडीतसुद्धा वळणदार होतं.

ती पाटावर बसली, डोळे मिटले, उघडले. "नाय येत."

"का?"

"बसून नाय येत. हातानं काम पायजे. मांडव पायजे. हलद दलाय लागली का एकामागून एक येतात."

पिठाची परात पुढं ठेवली. ती एवढी हसली की अमिषा धावत आली. मग म्हणाली, "शुक्रवारी किहीमच्या बाजूला हलद हाय. चला माज्या मांगं."

चला म्हणजे? धवलारीण गाते तिथं बायकांत पुरुष बसत नाही. मी सत्तेचाळीस वर्षांत तिचा एक धवला सलग ऐकलेला नाही. मांडवाबाहेर खुर्चीत बसून गप्पा मारायच्या, हीच आमची रीत. जातो म्हटलं.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

हात दुखतोय, पाठ दुखतेय, शर्ट पिवळा झालाय आणि मी फार फार खूष आहे.

बायकांच्या मधोमध, जात्याच्या बाजूला, वही मांडीवर घेऊन बसलो. सगळ्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. एक म्हणाली, "कंडक्टर, पुढं सरका, पुढं जागा हाय." दुसरी म्हणाली, "आमचा हाफ तिकीट फाडा." मी म्हटलं, आधी सुटे काढा. मग सोनूबाईनं जात्याला हात घातला आणि सगळ्या गप्प झाल्या.

पयली हलद लावू गो मांडवाच्या मेढीला,
दुसरी हलद लावू गो खाडीच्या होडीला.

तिचा आवाज मला माहीत आहे असं मी समजत होतो. मला फक्त भाजीत मीठ टाका, गॅस बंद करा, एवढाच आवाज माहीत होता. हा दुसराच. लिहिता लिहिता माझं पेन थांबलं, तर ती गाता गाता माझ्याकडं डोळे मोठे करून बघायला लागली, लिवा म्हणून. लिहीत सुटलो. अमिषा फोनवर आवाज घेत होती, मी शब्द. एकोणीस धवले झाले. प्रत्येकाखाली नोंद : कोणाकडून, सगुणा मावशी. कुठं, शेतात. कधी, भात लावताना. मॅडमचाच तक्ता, गाण्यांना चपखल बसला.

नवरीच्या दोन बहिणी, प्राची आणि हेमाली, शेवटी सोनूबाईच्या बाजूला येऊन बसल्या आणि मागून म्हणायला लागल्या. चुकल्या तशी तिनं त्यांना पहिल्या ओळीपासून परत घेतलं, तीन वेळा. लग्नघरात जेवण निवत होतं, कोणी हूं की चूं केलं नाही.

परत येताना रिक्षात ती म्हणाली, "तुमचा तोंड परत तसाच दिसतो."

कसा, ते विचारलं नाही.

२ डिसेंबर

दोन्ही कागदांवर सह्या झाल्या. सोनूबाईनं सावकाश, सगळी अक्षरं लिहून सही केली, आडनावापर्यंत. नाण्यांची चिंता मिटली. आता मला तिची चिंता, म्हणजे वह्यांची. पहिली भरली. काल दळताना, आज कपडे वाळत घालताना, जिथं जाते तिथं मी पेन घेऊन मागं. छत्तीस झाले. दिपेश म्हणतो, बाबा, ऑपरेशनच्या आधी जरा विश्रांती घ्या. त्याला काय कळतंय.

४ डिसेंबर, पनवेल, हॉस्पिटल

दुपारी भरती झालो. खोलीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते, बस. उद्या सकाळी सात वाजता नेणार. छातीवरचे केस काढले, फार थंड वाटतंय. दिपेश खाली कागद भरतोय. सोनूबाई उशाशी स्टुलावर, मी वही काढली.

इथं जातं नाही, परात नाही, मला वाटलं नाही येणार तिला. ती माझ्या पायाला तेल लावायला लागली आणि हळू आवाजात सुरू झाली. नर्स आत आली, थांबली, हळूच दार लोटून गेली. मेढीचा, म्हणजे मांडवाच्या खांबाचा, एक मिळाला, जो आधी राहिला होता. सदतीस.

मी म्हटलं, आता फक्त पाठवणीचा राहिला. मुलगी सासरी निघते तेव्हा वेशीपाशी म्हणतात तो, सगळ्यात मोठा, मावशीचा खास. हा झाला की लग्न पुरं होतं, वही पण पुरी होते. वेळ आहे, पेन आहे, सांगून टाक.

"तो नाय."

"का नाय?"

"तो आज नाय सांगायचा."

म्हटलं, अगं, एवढं आलोय तर एक कशाला राहू द्यायचा. ती तेल लावत राहिली, तोंड फिरवून. "तो मी घरी सांगन. तुमी घरी या, मंग."

किती समजावलं. दोन ओळी तरी सांग म्हटलं, एक तरी. ऐकेचना. सत्तेचाळीस वर्षांत माझ्या एकाही गोष्टीला तिनं एवढा ठाम नकार दिला नव्हता, आणि द्यायचा तो नेमका आज, कामाच्या ऐन शेवटी. रागच आला जरा.

शेवटी नवं पान काढलं, वर "पाठवणी" लिहिलं आणि खाली कोरं ठेवलं. मोठे डॉक्टर आत्ताच पाहून गेले. त्यांना मी बजावून सांगितलंय, साहेब, काय करायचं ते नीट करा आणि मला लवकर घरी सोडा, माझं काम अडलंय.